किल्ली गावात, तर माणूस गावात

१२ जानेवारी, सोमवार

नवी वही. पहिल्या पानावर माझ्या हातांनी केलेल्या वस्तू लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी वाद घालायला नको. शाळेचे फाटक, दोन झडपांचे, सोळा वर्षे झाली, अजून करकरत नाही. कापसाच्या पऱ्हाट्या उपटायचे चिमटे, आजपावेतो दोनशे बारा. इजहारच्या पिठाच्या गिरणीचा सांगाडा. रहिमुन्निसाआपांच्या खाटेचे लोखंडी पाय, कारण लाकडी वाळवीने खाल्ले. घरचे तीन तवे. सूनबाईचे कपाट, कुलपासकट. कुलूपसुद्धा बाजारचे नाही. आणि वर्कशॉपवरची खोली, दहा बाय बारा, जिन्याला सतरा पायऱ्या, फक्त रंग राहिला आहे. शिक्षण सातवी. कारागिरी शिकवली कोणी? कोणी नाही. वस्तू उघडायची, बघायची, परत लावायची. हातात उरलेला स्क्रू कुठला हे ज्या दिवशी कळते त्या दिवशी माणूस शिकला.

खोली राधेश्यामसाठी. आमचा एकुलता. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये आहे, रोज मोटारसायकलवर येऊन-जाऊन. लग्नाला दीड वर्ष झाले. सूनबाईचे म्हणणे जालन्यालाच बिऱ्हाड करावे, असे माझी बायको उषा एकदा बोलता बोलता म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी विटा आणल्या. घरात वेगळी खोली मिळाली की पोरगा गाव सोडत नाही. हा माझा अनुभव नाही, अंदाज आहे.

सध्या राधेला डबल ड्युटी लागली आहे, म्हणून तो मित्राच्या खोलीवर झोपतो. सूनबाई साधना माहेरी आहे, तिची मावशी आजारी. दोन्ही एकाच आठवड्यात झाले.

आज सरपंच दैवशालाबाई वर्कशॉपवर आल्या. फाट्यावर गावाची नवी पाटी हवी. लिंबटेक, तालुका परतूर, वाटूर सात किलोमीटर, लोकसंख्या अमुक.

"आकडा?" मी विचारले.

"जुन्या पाटीवरचाच टाका की. अठराशे बेचाळीस."

"तो दोन हजार अकराचा हाय ताई. पंधरा वर्षांत कोणी जन्मलं न्हाई का मेलं न्हाई?"

"सरकार मोजंल तव्हा मोजंल. आता कोण मोजणार?"

"मी."

बोलून गेलो. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर पाटी उघडायची. चौदा दिवस.

१३ जानेवारी, मंगळवार

घर मोजायचे नाही, चूल मोजायची. एका दारात तीन भाऊ राहतात आणि तीन चुली पेटतात; उलट, दोन घरे असून जेवण एका ताटात. म्हणून रकाने असे: चूल कोणाची, खाणारे किती, वय, काम. पाटाच्या फळीला स्प्रिंगचा चाप बसवून पॅड केले. बाजारच्या पॅडचा चाप कागद धरत नाही.

काकासाहेब पारावर भेटले. दोन वेळा सरपंच राहिलेला माणूस, पॅड बघितल्याशिवाय राहवते कुठले.

"बद्री, जातीचा रकाना दिसंना?"

"नाही ठेवला."

"ठेव की. इलेक्शनला कामाला यील."

"काकासाहेब, कोणाची जात कोणती हे गावात पाच वर्षांच्या पोराला तोंडपाठ हाय. कागद कशाला खराब करू? माणसं किती हे मात्र कोणालाच ठावूक न्हाई."

ते हसले, पण मिशीतच.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. प्रत्येक घरात तिळगूळ, संध्याकाळपर्यंत दाढ दुखायला लागली. बौद्धवाडा आणि धनगर गल्ली झाली. चुली ९३, माणसे ४०७.

दुपारनंतर गडबड झाली. कोणीतरी उठवले की मिस्त्री घरकुलाची यादी करून राह्यला. मग काय, चुली वाढल्या. एका अंगणात तीन दगड मांडलेले, वर नवा कोरा टोप. म्हातारा म्हणाला, पोरगा वेगळा निघाला.

"कधी?"

"परवाच."

मी दगडांमध्ये हात घातला. "मंग राख कुठंय?"

म्हाताऱ्याने पोराकडे बघितले, पोराने टोपाकडे. एकच चूल लिहिली. पुढच्या गल्लीत अफवा पोहोचेपर्यंत बदलली होती: मिस्त्री रेशन कार्ड कापायला आला. तिथे दोन भाऊ, जे सात वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत, एका सतरंजीवर बसून म्हणाले आम्ही एकत्रच.

मी राखच मोजतो. राख खोटे बोलत नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

वयाच्या रकान्याने नवा घोळ केला. बिनलग्नाची पोरे किती ते बघत होतो. या गावात सत्तावीस वर्षांचे बेचाळीस जण आहेत. एकही अठ्ठावीसचा नाही, तिसाचा तर नाहीच. त्यांतल्या सहाजणांच्या बारशाला मी माझ्या लग्नाच्या आधी जेवलेलो आहे, आणि लग्नाला आता चौतीस वर्षे झाली. एकाची आई म्हणाली, "दादा, मुलीवाले इचारायला येतेत, तुमच्या वहीत बी तेवढंच असू द्या." मी म्हणालो वही कोणी बघणार नाही. ती म्हणाली, गावात वही आहे म्हटल्यावर बघणारच. वय लिहायचे सोडून दिले. लहान, मोठा, म्हातारा, तीन रकाने पुरे.

घरी आलो तर तवे दोनच. तिसरा कुठे गेला विचारले.

उषा म्हणाली, "तडकलाय. डाग द्यायला दिलाय."

गावात वेल्डिंगचा डाग देणारा मी एकटाच आहे. पण दिवसभर चालून पाय इतके दुखत होते की विषय वाढवला नाही.

१७ जानेवारी, शनिवार

वीटभट्टीवर गेलो. नऊ कुटुंबे, एक्केचाळीस माणसे, बऱ्हाणपूरकडची. दिवाळीनंतर येतात, पावसाच्या आधी जातात. हे गावचे की नाही? बांधावर बसून विचार केला आणि नियम केला: मागच्या महिन्यात ज्याच्या पंधरा रात्री गावात गेल्या, तो गावचा. पाहुणा चार दिवसांचा असतो. पंधरा रात्री कोणी पाहुणचाराला राहत नाही.

नियमाप्रमाणे एक्केचाळीस लिहिले. एका बाईने विचारले, "हमारा नाम क्यूँ?" मी म्हणालो, पाटीवर येणार. तिने नवऱ्याला हाक मारली, त्याने हात धुतले आणि मग नाव सांगितले.

१८ जानेवारी, रविवार

राधे आला, दोन तास थांबला. जेवला, गोधडी घेऊन गेला, लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन गेला. कपडे कडक इस्त्रीचे. मी म्हणालो, मित्र चांगला दिसतो, इस्त्रीसुद्धा करून देतो. उषाला ठसका लागला.

खोलीला रंग कोणता द्यायचा विचारले. तो म्हणाला, "कोणताबी द्या, बाबा." मी म्हणालो राहणार तू, रंग माझ्या मनाचा कसा? तो मोबाइल बघत राहिला. फिकट पिवळा द्यावा असे माझे मत.

२० जानेवारी, मंगळवार

मोजणी पडताळायची कशी हा प्रश्न होता. उत्तर गिरणीवर सापडले. प्रत्येक चुलीचा डबा इजहारकडे येतो. डब्यावर नाव असते, आणि कोणाचा डबा किती दिवसांनी येतो हे इजहारला झोपेतही सांगता येते. माझ्या वहीतले एकेक नाव वाचले, तो मान हलवत गेला. पावणेचारशेवर चुलींत फरक फक्त पाच. त्यांतल्या तीन ठिकाणी तोच चुकीचा होता.

"और तुम्हारा, बद्रीभाऊ?"

"आमच्या घरी चार. लिहिलेलं हाय."

"चार?" त्याने पट्टा सोडवत विचारले. "डब्बा तो महिन्यापासून आधा येतोय."

मी म्हणालो, पन्नाशीनंतर माणसाचे खाणे कमी होते. शिवाय साधना माहेरी, राधे ड्युटीवर. इजहार बराबर, बराबर म्हणाला आणि डबे पुसायला लागला. डबे आधीच पुसलेले होते.

२१ जानेवारी, बुधवार

आज दिवसभर एकच काम, पण मोठे. खालच्या आळीला तेवीस घरांना कुलपे. सगळे ऊसतोडीला गेलेले, येतील होळीच्या पुढे-मागे. माझा पंधरा रात्रींचा नियम लावला तर शंभरावर माणसे एका फटक्यात गावाबाहेर. भट्टीवाले आत आणि आपले भिवा, वसंता बाहेर? नियम चुकीचा नाही, पण अपुरा आहे.

रहिमुन्निसाआपा आपल्या ओट्यावर बसल्या होत्या. सत्तरीच्या, एकट्या. त्यांच्या कमरेला नाडा, नाड्याला चाव्यांचा झुबका. मी बसलो.

"आपा, ह्या एवढ्या?"

"तेवीस. जाते वक्त सब मेरेकू देतेत." त्यांनी न बघता एक चावी चिमटीत धरली. "ये भिवा की. कोंबड्या बी माझ्याकडंच हैत."

"भिवाच्या घरात किती?"

"गेले तव्हा पाच. अब छे. तिकडंच झालं, फोन आल्ता. पोरगी है."

तेवीस चाव्या, एकेक बोटाने चाचपून त्यांनी माणसे सांगितली. एकाही ठिकाणी अडखळल्या नाहीत. एकशे नऊ. फडावर जन्मलेली धरून.

तिथेच दुसरा नियम लिहिला. किल्ली गावात, तर माणूस गावात. जो किल्ली शेजारी ठेवून जातो तो परत येणार असतो. किल्ली बरोबर नेली की तो गेला. या नियमात मला एकही छिद्र सापडत नाही.

आपांचे नाव त्यांच्या स्वतःच्या चुलीपुढे लिहायला लागलो तर म्हणाल्या, "भिवा की कोंबड्या बी लिख, अंडे मीच खाते."

२३ जानेवारी, शुक्रवार

बेरीज झाली. चुली ४०९. माणसे १७९८. जुन्या पाटीपेक्षा चव्वेचाळीस कमी.

आकडा पारावर माझ्या आधी पोहोचला. काकासाहेब वर्कशॉपवर आले ते चप्पल न काढता.

"अठराशे बी न्हाई? शेजारच्या गावच्या पाटीवर एकवीसशे हाय!"

"त्यांनी जुना आकडा रंगवला असंल."

"माझे तिघं पोरं, सुना, नातवंडं. अकरा माणसं. लिहिली का?"

"त्यांच्या इथल्या बंगल्याची किल्ली कुठंय?"

"पुण्यात."

"मंग माणसं बी पुण्यात."

त्यांच्या कपाळावरच्या शिरा मी मोजू शकलो असतो. "भट्टीवरचे परप्रांतीय गावचे, आन् माझं रक्त परगावचं? कोणी केला हा कायदा?"

"मी केला. सगळ्यांना सारखा."

"सगळ्यांना?" ते दारात थांबले. "मंग तुझ्या राधेच्या रात्री मोज एकदा. आन् सुनंच्या बी."

मी म्हणालो मोजतो की. त्यात काय.

२४ जानेवारी, शनिवार

मोजल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून एकेक. राधेच्या गेल्या महिन्यातल्या रात्री: दोन. साधनाच्या: शून्य.

उषा भाकरी थापत होती. मी विचारले, "मावशी बरी झाली का?"

"कोणती मावशी?" ती म्हणाली, आणि मग तिचा हात परातीत थांबला.

भाकरी करपली. मग तिने सगळे एकदम सांगितले. दोघांनी महिन्यापूर्वी जालन्याला खोली केली आहे. साधनाला तिथे शिवणकामाच्या कारखान्यात काम लागले. तवा तिकडे आहे. मला सांगायचे धाडस कोणाला झाले नाही, कारण मी वर खोली बांधत होतो.

"रोज एकेक वीट चढवत होते तुम्ही. कोणत्या विटंला सांगायचं व्हतं?"

मी म्हणालो, नियमात अजून एक कलम आहे. किल्ली. ती लगेच उठली, डब्यातून साधनाच्या कपाटाची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "ही बघा. माझ्यापाशीच ठिवली. लिहा दोघांना. चारच हाव आपण."

मी किल्ली उजेडात धरली. हे कुलूप मी केलेले. किल्ल्या दोन कापल्या होत्या, दोन्ही एका पट्टीतून. दीड वर्ष रोज वापरलेल्या किल्लीचे दात घासून गोल होतात, मुठीजवळ पितळ चमकते. हातातल्या किल्लीवर माझ्या कानशीचे ओरखडे अजून तसेच होते. ही कधी कुलपात गेलेलीच नाही. वापरातली त्यांच्याबरोबर गेली.

उषा माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणालो, "ही दुसरी हाय."

"किल्ली किल्ली असती," ती म्हणाली.

नसते. वहीत आमच्या चुलीपुढे चारचे दोन केले. शाईने खोडले, वर सही केली. एकूण १७९६.

२५ जानेवारी, रविवार

पाटी रंगवली. निळ्यावर पांढरे. सहाचा आकडा पहिल्यांदा वाकडा आला, पुसून परत काढला. ब्रश जुना झाला आहे.

२६ जानेवारी, सोमवार

पाटी उघडली. काकासाहेबांनी पहिले विचारले, "कालपर्यंत अठ्ठ्याण्णव व्हते. दोन कुठं गेले?"

मी म्हणालो, "जालन्याला."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, जोरात, जसा बैलाला ठेवतात. म्हणाले, "चल, च्या घेऊ." चहा त्यांनीच सांगितला. पुण्याच्या नातवाचा व्हिडिओ दाखवला, तो इंग्रजीत बडबडत होता, त्यांना काही कळत नव्हते, मला तर नाहीच. दोनदा बघितला.

भट्टीवरची ती बाई नवऱ्याला घेऊन फाट्यावर आली होती. पाटीवर नावे नाहीत, नुसता आकडा, हे बघून जरा नाराज झाली. "इसमें हम किधर?" मी आकड्यावर बोट ठेवले. कुठेतरी ठेवले.

२९ जानेवारी, गुरुवार

उषाने खोली मागितली. शिलाई मशीन वर नेणार, उजेड चांगला आहे म्हणते. मी म्हणालो रंग व्हायचा आहे. "मग द्या रंग. पिवळा नको, मळतो." पांढरा दिला. सतरा पायऱ्या मशीन मी एकट्याने चढवले. अकराव्या पायरीवर थांबलो, ती खालून म्हणाली, "टेकवा, टेकवा, घाई कोणाला हाय?"

१ फेब्रुवारी, रविवार

दोघे एका मोटारसायकलवर आले. लपवाछपवी संपल्यामुळे साधना माझ्यासमोर बसली, डोक्यावर पदर, पण नजर सरळ.

"मामा, पाटीवर आम्ही न्हाई ना?"

"न्हाई."

"बरं केलं. लिहिलं असतं तर मला रोज वाटलं असतं की खोटं राहून राह्यलो."

मुलगी हुशार आहे. हे आधी लक्षात आले नव्हते, कारण आम्ही आधी बोललोच नव्हतो.

जेवण झाले. राधे उगाच हात दोनदा धुऊन आला. मग म्हणाला, मिलच्या शेठने पाटीचा आणि जिन्याचा फोटो त्याच्या मोबाइलवर बघितला. विचारले, हा माणूस कोण? मेंटेनन्सला असा फिटर दोन वर्षांपासून शोधून राह्यलो. डिग्री लागत नाही, हात लागतो. असे शब्द होते, राधेने दोनदा सांगितले, मी दोनदा सांगायला लावले.

"बाबा, चौघं एका जागी राहू. साधनाचं बी तेच म्हणणं हाय."

साधनाने मान हलवली. उषा ताटे उचलता उचलता म्हणाली, "पाणी किती येळ येतं तिथं?"

"चोवीस तास, आई."

"चोवीस," ती म्हणाली, आणि ताटे पुन्हा खाली ठेवून बसली. का बसली ते कळले नाही, ताटे खरकटीच होती.

मी सांगितले, मी आलो तर तुझी आई येणार. सतराशे चौऱ्याण्णव होतील. पाटीचा रंग अजून ओला आहे म्हटले तरी चालेल. शिवाय घराची किल्ली आपांकडे ठेवून जायचे म्हटले तर माणूस तिकडे आणि नियमाने इकडे, असे वर्षभर लोंबकळत राहायचे का? राधे म्हणाला, नियम तुमचाच आहे ना, बदला. मी म्हणालो म्हणूनच बदलता येत नाही. दुसऱ्याचा असता तर बदलला असता.

"विचार करून सांगतो, एवढं तरी म्हणा," उषा म्हणाली.

विचार झालेला होता. ते दोघे ऊन उतरल्यावर निघाले. उषाने त्यांना दुसरा तवाही दिला. आता एकच उरला आहे, दोघांना पुरतो.

नाकारले ते नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी कमी-जास्त सांगायला नको. मेंटेनन्स फिटर, आठवड्याला एक सुट्टी, राहायला दोन खोल्या, लाइटबिल शेठकडे, पगार महिना अठ्ठावीस हजार रुपये.